मलेशियात स्वस्त आणि चविष्ट स्थानिक खाणे कसे शोधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचे कुटुंब आठवडाभरासाठी क्वालालंपूर, पेनांग आणि मलाक्का असा प्रवास करणार आहे. मॉलमधल्या जेवणावर पैसे घालवायचे नाहीत, तिथले लोक रोज जे खातात तेच खायचे आहे. चौघांपैकी एक जण पूर्ण शाकाहारी आहे आणि बाकीचे तिघे गोमांस व डुकराचे मांस टाळतात. अशा वेळी चांगले ठिकाण ओळखावे कसे? मी बरीच वर्षे क्वालालंपुरात राहतो आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना खाण्यासाठी शहर फिरवणे हा माझा व्यवसायच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी पहिली विनंती अशी की प्रसिद्ध हॉटेलांची यादी हातात घेऊन निघू नका. मलेशियात उत्तम खाणे बहुधा एका माणसाच्या हातचे, एकाच पदार्थाचे आणि दिवसाच्या ठरावीक वेळेपुरते असते. जो माणूस सकाळी सहापासून फक्त शेवयांचा एक प्रकार विकतो आणि अकराला भांडी धुऊन घरी जातो, त्याच्याकडे दुपारी एक वाजता पोहोचलात तर त्या जागी दुसराच कोणी दुसरे काही विकत असेल. म्हणून ‘कुठे खावे’ हा प्रश्न ‘या वेळी काय खावे आणि ते कोणत्या प्रकारच्या जागी मिळते’ असा विचारावा. एवढे जमले की शोधाचे निम्मे काम होते आणि खर्चही आपोआप आटोक्यात राहतो.

चिनी वस्तीतल्या चहा-कॉफीच्या दुकानाला कोपीटियाम म्हणतात, आणि तिथली व्यवस्था नीट समजून घ्यावी, कारण नवखा माणूस इथेच गोंधळतो. जुन्या कोपीटियाममध्ये संगमरवरी मेजे आणि लाकडी खुर्च्या पाहून आपल्या इराणी हॉटेलाची आठवण येते. मात्र व्यवहार वेगळा असतो. दुकानाचा मालक सहसा फक्त चहा-कॉफी आणि टोस्ट-अंडी विकतो. आवारात ज्या पाच-दहा गाड्या मांडलेल्या असतात, त्यांचे मालक वेगळे असतात आणि ते जागेचे भाडे भरतात. तुम्ही आधी मेज धरायचे, मग हव्या त्या गाडीपाशी जाऊन पदार्थ सांगायचा आणि मेजाचा क्रमांक द्यायचा. ताटली आली की पैसे त्या-त्या गाडीवाल्याला वेगळे द्यायचे. पेय मात्र मालकाकडूनच घ्यावे. काही ठिकाणी पेय न घेतल्यास बसण्याचा थोडा आकार घेतात आणि तशी पाटी लावलेली असते. एकाच मेजावर तीन गाड्यांचे तीन पदार्थ मागवून वाटून खाणे इथे अगदी रीतीला धरून आहे, आणि चौघांच्या कुटुंबाला याहून सोयीचे दुसरे काही नाही.

कॉफी मागण्याची भाषा दोन मिनिटांत शिकता येते. नुसते ‘कोपी’ म्हटले तर आटवलेले गोड दूध घातलेली कॉफी येते, ‘कोपी ओ’ म्हणजे साखरेची काळी कॉफी, ‘कोपी सी’ म्हणजे बिनसाखरेचे आटवलेले दूध आणि वेगळी साखर. शेवटी ‘कोसोंग’ जोडले की साखर वगळतात, ‘आइस’ किंवा ‘पेंग’ म्हटले की बर्फ घालतात. चहाला ‘ते’ म्हणतात आणि हेच नियम लागू होतात. गोडाचे प्रमाण आपल्या चहापेक्षाही जास्त असते, त्यामुळे ‘कुरांग मानिस’, म्हणजे कमी गोड, हे शब्द पहिल्याच दिवशी पाठ करावेत.

दुसरा प्रकार म्हणजे तमिळ मुसलमानांची मामाक हॉटेले. यांतली बरीच चोवीस तास उघडी असतात, म्हणून रात्री उशिरा विमानतळावरून आलेल्या कुटुंबाला पहिला आधार यांचाच असतो. इथली रोटी चनाई खाताना नुसते ताटलीत पाहू नका, ती करणाऱ्यासमोर जरा उभे राहा. मैद्याचे मऊ गोळे तेलात मुरत ठेवलेले असतात. तो एक गोळा तळहाताने थापतो, मग हवेत भिरकावून ओट्यावर आपटत आपटत इतका पातळ करतो की त्यातून ओटा दिसू लागतो. त्याच्या कडा आत दुमडून चौकोन करतो, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतो आणि शेवटी दोन्ही हातांनी टाळी वाजवल्याप्रमाणे चेपतो, त्यामुळे पदर सुटतात. ही शेवटची टाळी दिसली तर रोटी ताजी आहे असे समजावे. आधीच भाजून रचून ठेवलेल्या रोट्या असतील तर पुढच्या दुकानात जावे. मामाक हॉटेल दर दोन गल्ल्यांआड असते. रोटीबरोबर डाळीचे आणि माशाचे असे दोन रस्से बहुधा फुकट येतात.

मामाकांचाच थोरला पदार्थ म्हणजे पेनांगची नासी कांदार (नासी म्हणजे भात). पूर्वी विक्रेते खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवणे घेऊन हिंडत, त्यावरून हे नाव पडले. पेनांगच्या जॉर्जटाउन शहरात कॅम्बेल स्ट्रीटवरचे हमीदिया हे दुकान १९०७ पासून चालू आहे. भातावर एकाच कालवणाऐवजी चार-पाच रस्से मिसळून घेण्यात या जेवणाची खरी गंमत आहे. ‘कुआह चाम्पुर’ किंवा ‘बांजिर’ म्हणा, तो वाढपी समजून जाईल. खर्च वाढतो तो मात्र याच ठिकाणी. काचेमागची मोठी कोळंबी, माकूळ किंवा माशाची गाबोळी बोट दाखवून घेतली की साध्या कोंबडीच्या ताटाच्या दुप्पट-तिप्पट पैसे होऊ शकतात. बोट दाखवण्याआधी ‘बेरापा?’, म्हणजे किती, हे विचारण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

मलय लोकांच्या गेराइ आणि वारुंग, म्हणजे टपऱ्या आणि छोट्या खानावळी, पर्यटकांना सर्वांत कमी दिसतात, आणि माझ्या मते स्वस्त खाण्याचा खरा साठा तिथेच आहे. सकाळी साडेसहा-सातला कुठल्याही रहिवासी भागात, रेल्वे स्थानकाबाहेर किंवा कचेरीच्या रस्त्यावर एखादी बाई घडीचे मेज मांडून बसलेली दिसेल. मेजावर केळीच्या पानात किंवा तपकिरी कागदात बांधलेल्या त्रिकोणी पुड्यांची रास असते. ही नासी लेमाक. नारळाच्या दुधात पांदानचे सुगंधी पान घालून शिजवलेला भात, तिखट-गोड साम्बाल (मिरचीची परतलेली चटणी), तळलेले सुके बारीक मासे, शेंगदाणे, काकडीची चकती आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा इतके सगळे त्या पुडीत असते. केळीच्या पानातली पुडी आधी घ्यावी, कारण गरम भाताला पानाचा वास लागलेला असतो. पदार्थाचा कस साम्बालवर ठरतो: चांगल्या साम्बालात मिरची इतकी परतलेली असते की तिला कच्चा वास राहत नाही आणि तेल सुटून कडेला आलेले असते. नासी लेमाक, रोटी चनाई आणि ‘ते तारिक’ (उंचावरून ओतून फेसाळ केलेला दुधाचा चहा) यांच्या भोवतीच्या मलेशियन न्याहारीच्या परंपरेची युनेस्कोने डिसेंबर २०२४मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. तेव्हा हॉटेलच्या खोलीभाड्यात न्याहारी धरलेली असेल तर ती वगळून खोली घ्यावी, असा माझा आग्रह राहील.

दुपारी मलय लोकांची नासी चाम्पुर आणि चिनी लोकांची चाप फान एकाच तत्त्वावर चालते. वीस-तीस पदार्थ ट्रेमध्ये मांडलेले असतात, भात घेऊन हवे ते आपल्या हाताने वाढायचे, आणि मग गल्ल्यावरचा माणूस ताटाकडे एक नजर टाकून किंमत सांगतो. दोन भाज्या आणि एक मांसाहारी पदार्थ हे नेहमीचे प्रमाण आहे आणि त्यात पोट भरते. साडेअकरा ते साडेबारा ही वेळ उत्तम, कारण त्यानंतर ट्रे रिकामे होत जातात आणि उरलेले थंड होते.

दरांचा अंदाज द्यायचा तर, एका रिंगिटला साधारण २० ते २३ रुपये धरा. साधी रोटी चनाई दीड ते अडीच रिंगिट, पुडीतली नासी लेमाक अडीच ते पाच, कोपीटियाममधली नूडल्सची ताटली सात ते अकरा, भात-भाजी-मांसाचे ताट आठ ते तेरा, चहा-कॉफी दोन ते साडेतीन. शहरानुसार आणि महागाईनुसार फरक पडेल, तरी तीन वेळा व्यवस्थित खाऊन एका माणसाचा दिवस ३० ते ४५ रिंगिटमध्ये निघतो. मॉलमधल्या उपाहारगृहात याच पदार्थांवर सेवा आकार आणि कर वेगळे लागतात. गाडीवर ते नसतात.

आता शहरांविषयी. क्वालालंपुरात बुकित बिंतांगजवळचा जालान आलोर हा रस्ता प्रत्येक पर्यटकाला सांगितला जातो. रात्रीची गर्दी पाहायला अवश्य जा, एखादा पदार्थ चाखा, पण पोटभर जेवण इतरत्र घ्या, कारण तिथले दर पर्यटकांच्या हिशेबाने असतात. मासे-खेकडे वजनावर विकले जात असतील तर शिजवण्याआधी एकूण रक्कम विचारून घ्यावी. सकाळसाठी पुडूचे आय.सी.सी. हे बाजारसंकुल चांगले. जुन्या इम्बी बाजारातल्या गाड्या २०१६मध्ये तिथे हलवल्या गेल्या. सोमवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात, तो दिवस टाळावा. मलय जेवणासाठी पेट्रोनास मनोऱ्यांच्या जवळच असलेल्या कांपुंग बारू वस्तीत संध्याकाळी जावे, तिथवर मेट्रो जाते. बुधवारी शहरात असाल तर चेरासमधल्या तामान कॉनॉटचा पासार मालाम, म्हणजे रात्रीचा आठवडी बाजार, चुकवू नका. त्याच नावाचे मेट्रो स्थानक जवळ आहे. सोमवारचा असाच बाजार पेतालिंग जायाच्या एस.एस. २ भागात भरतो. अशा बाजारात बसायला जागा नसते, चालत चालत खायचे असते. मी नेहमी आपाम बालिकपासून सुरुवात करायला सांगतो: जाळीदार धिरड्यावर भरडलेले शेंगदाणे, साखर आणि मक्याचे दाणे घालून ते अर्धे दुमडतात, आणि कडा कुरकुरीत असतानाच खावे लागते. मुलांना ते फार आवडते.

पेनांगला मात्र सगळे वेळापत्रक खाण्याभोवतीच आखावे. तीन दिवस असतील तर तीनही दिवस जॉर्जटाउनमध्येच मुक्काम ठेवा, समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात नको, कारण बहुतेक खाणे पायी अंतरावर आहे. संध्याकाळी लोरोंग बारू आणि लेबुह चुलिया या रस्त्यांवर गाड्या लागतात, सकाळी पुलाऊ तिकुसच्या बाजाराभोवती. इथला ‘चार क्वे तिआव’ म्हणजे तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, कडधान्याचे मोड, अंडे आणि शिंपल्या असे धगधगत्या आचेवरच्या लोखंडी कढईत परतलेले मिश्रण. इथे एकच खूण बघा: आचारी एका वेळी एकाच ताटलीचा माल कढईत टाकतो, की चार ताटल्यांचा? चार टाकले की कढईचे तापमान उतरते, पट्ट्यांना पाणी सुटते आणि धुराचा तो हवाहवासा वास लागतच नाही. पुढे दहा माणसे असतानाही जो एकेक ताटलीच परततो, त्याच्यासाठी अर्धा तास थांबणे मला कधीही जड जात नाही. तुमच्यासाठी मात्र एक सूचना आहे: चिनी गाडीवर हा पदार्थ बहुधा डुकराच्या चरबीत करतात आणि त्यात डुकराच्या मांसाचे सॉसेजही असते, म्हणून मलय किंवा मामाक गाडीवरचा घ्यावा. अर्धकच्च्या शिंपल्या नको असतील तर ‘ताक माउ केरांग’ म्हणावे.

पेनांगचा दुसरा मानाचा पदार्थ असाम लाक्सा, आणि तो कोकणातल्या जिभेला लगेच कळतो. बांगड्याच्या जातीचा मासा उकडून, कुस्करून त्याचा रस्सा चिंचेने आंबट केलेला असतो; त्यात गवती चहा, आल्याच्या कुळातल्या एका फुलाची कळी आणि पुदिना, आणि वरून कोळंबीचा काळा दाट अर्क. अर्क आवडेल की नाही याची खात्री नसेल तर तो चमच्यात वेगळा मागावा आणि थोडा थोडा मिसळावा. केक लोक सी देवळाला जाल तेव्हा पायथ्याच्या एअर इताम बाजाराजवळ तो खावा. शहरातून तिथे बस जाते.

नावांमुळे एक घोटाळा हमखास होतो. ‘होक्कियन मी’ (‘मी’ म्हणजे नूडल्स) या नावाने क्वालालंपुरात जाड नूडल्स काळ्या सोया सॉसमध्ये परतून मिळतात, आणि पेनांगमध्ये त्याच नावाने कोळंबीच्या कवचांचा तिखट रस्सा मिळतो. दोन्हींत डुकराचे मांस किंवा चरबी असते, तेव्हा तुमच्या कुटुंबाने दोन्हींपासून दूर राहावे. पेनांगच्या ‘करी मी’ या नूडल्समध्ये डुकराच्या गोठवलेल्या रक्ताचे तुकडे असू शकतात, हेही सांगून ठेवतो.

क्वालालंपूरहून पेनांगला रेल्वेने जात असाल तर वाटेत इपोहला काही तास उतरण्यासारखे आहे, कारण तिथली पांढरी कॉफी आणि उकडलेल्या कोंबडीबरोबर मिळणारे जाड, रसाळ मोड देशभर नावाजलेले आहेत. मलाक्क्यात जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवार असतो. तिथे चेंदोल घ्या: हिरव्या शेवया, नारळाचे दूध, किसलेला बर्फ आणि वर माडाच्या गुळाचा पाक. मलाक्क्याचा गूळ प्रसिद्ध आहे आणि चांगल्या दुकानात तो पाक काळपट, किंचित धुरकट चवीचा असतो. नुसता गोड लागला तर त्यात साखर जास्त आहे.

गाडी निवडताना मी रांगेची लांबी पाहतोच, पण रांगेत कोण आहे ते आधी पाहतो. गणवेशातली शाळेची मुले, बाजारहाट करून आलेल्या बायका, डबा घेऊन आलेले म्हातारे गृहस्थ दिसले तर डोळे मिटून उभे राहावे. २०२२च्या डिसेंबरात मिशेलिन मार्गदर्शिकेची क्वालालंपूर-पेनांगची पहिली निवड जाहीर झाली, आणि तिच्यातल्या ‘बिब गुरमाँ’ या स्वस्त-मस्त विभागात बऱ्याच गाड्या आहेत. ती यादी विश्वासार्ह आहे. परंतु तिथल्या रांगा फार लांबल्या आहेत, आणि शेजारची गाडी बहुधा उन्नीस-बीसच असते.

स्वच्छतेची काळजी रास्त आहे. स्थानिक पालिका खाद्यगृहांना ए, बी, सी अशी श्रेणी देते आणि तिचा कागद भिंतीवर लावलेला असतो. अन्न हाताळणाऱ्यांना विषमज्वराची लस आणि प्रशिक्षण बंधनकारक आहे. त्याखेरीज साधा नियम पाळावा: समोर शिजलेले आणि वाफ येणारे खावे, आणि दुपारी तीननंतर ट्रेमधले उरलेले घेऊ नये.

शाकाहारी व्यक्तीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण इथे भाजीच्या ट्रेमध्येही मासळी असते. बेलाचान ही जवळ्याएवढी बारीक कोळंबी मिठात मुरवून, कुटून, वाळवून केलेली वडी जवळजवळ प्रत्येक मलय साम्बालात असते, आणि पालेभाज्या बऱ्याचदा तिच्यातच परततात. मामाक हॉटेलात डाळीवर माशाचा रस्सा सवयीने ओतला जातो, म्हणून ‘दाल साहाजा’, फक्त डाळ, असे वेळेवर सांगावे. रोटीच्या पिठात अंडे आहे का तेही विचारावे. सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे चिनी बौद्धांची शाकाहारी खानावळ. पाटीवर बहुधा बौद्ध परंपरेतले स्वस्तिक असते, आत चाप फानसारखीच ट्रेची मांडणी असते, कांदा-लसूणही बहुतेक ठिकाणी वर्ज्य असतो, आणि दर सर्वांत कमी. तिथे सोयाबीनचे आणि गव्हाच्या सत्त्वाचे हुबेहूब मांसासारखे दिसणारे तुकडे असतात, ते पाहून दचकू नये. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच चिनी लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी या खानावळींत पदार्थ सर्वांत जास्त असतात. दुसरा पर्याय क्वालालंपुरात ब्रिकफील्ड्स आणि जॉर्जटाउनमध्ये लेबुह पासार परिसरातली दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेले. केळीच्या पानावरचा भात तिथे पोटभर वाढतात.

बाकी तिघांसाठी हिशेब सोपा आहे. मलय आणि मामाक दुकानांत डुकराचे मांस नसतेच, तिथे फक्त ‘दागिंग’ आणि ‘लेम्बू’ या गोमांसाच्या शब्दांकडे लक्ष ठेवावे; रेंदांग, म्हणजे नारळ-मसाल्यात आटवलेले मांस, बहुधा त्याचेच असते. चिनी दुकानांत उलट, तिथे ‘बाबी’, म्हणजे डुक्कर, आणि चरबी यांची चौकशी करावी. कोंबडी म्हणजे ‘आयाम’, आणि आयाम-भात कुठेही मिळतो. हलाल दुकानात बाहेरचे खाणे घेऊन बसू नये. ते त्यांच्या मनाला फार लागते.

वेळेबाबत आणखी दोन गोष्टी. शुक्रवारी दुपारी साधारण साडेबारा ते अडीच मलय आणि मामाक दुकाने नमाजासाठी बंद असतात किंवा मंदावतात. रमजानच्या महिन्यात मलय टपऱ्या दिवसा बंद राहतात; त्याऐवजी दुपारी चारच्या सुमारास जागोजागी रमजानचे बाजार भरतात, आणि वर्षभरात न दिसणारे कितीतरी पदार्थ तेव्हा एका रस्त्यावर मिळतात. चिनी नववर्षाच्या पहिल्या काही दिवसांत मात्र पेनांगचा बेत ठेवू नये, बहुतेक जुन्या गाड्या बंद असतात.

गाडीवाल्याला वयाप्रमाणे ‘अंकल’, ‘आंटी’, मलय बाईंना ‘काक’, पुरुषाला ‘बांग’ आणि मामाकांच्या वाढप्याला ‘अण्णे’ किंवा ‘बॉस’ म्हणावे. बांधून हवे असेल तर ‘बुंगकुस’ किंवा ‘तापाव’, बिलासाठी ‘किरा’. स्थानिक लोक मोबाइलवरून पैसे देतात, पण तुमच्याजवळ एक, पाच आणि दहा रिंगिटच्या नोटा भरपूर असू द्याव्यात. विमानतळावर पैसे बदलताना सुट्या नोटा मागून घ्या, कारण सकाळी सातला नासी लेमाकच्या पुड्या विकणाऱ्या बाईंकडे शंभराची मोड नसते.